पट्टीवरच्या रेघेला काय ठाऊक असतं?

शिमगा उरकून दोन खलाशी मुंबईला परतले, असं समजा. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघंही एकाच जहाजावर रुजू होण्याच्या प्रतीक्षेत. धुळवडीला मित्रांच्या आग्रहाखातर दोघांनी भांग घातलेली थंडाई घेतली होती. पहिल्यानं ती आयुष्यात पहिल्यांदाच चाखली. दुसऱ्याला गेली दोन वर्षं रोज रात्री गांजा ओढायची सवय. पण चाचणी होणार हे माहीत असल्यानं धुळवडीनंतर त्यानं कशालाही हात लावला नाही. बाराव्या दिवशी कंपनीनं वैद्यकीय तपासणीला बोलावलं आणि दोघांनी लघवीचा नमुना दिला. पहिल्याचा अहवाल बहुधा 'निगेटिव्ह' येईल, दुसऱ्याचा 'पॉझिटिव्ह'. थंडाई तीच, मध्ये गेलेले दिवसही तेवढेच. मग फरक कशानं पडला?

'डॉक्टर, हे अंगातून किती दिवसांत जातं?' हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून येतो. बहुतेक वेळा दार लोटून घेऊन, हळू आवाजात आणि 'मित्रासाठी विचारतोय' अशी पुस्ती जोडून. त्याला तारीख सांगणारं उत्तर हवं असतं. प्रामाणिक डॉक्टरला ती सांगता येत नाही, कारण हा आकडा पदार्थावर ठरतो, सवयीवर ठरतो, नमुना कशाचा घेतला यावर ठरतो, आणि शेवटी प्रयोगशाळेनं कोणती मर्यादा धरली आहे यावरही ठरतो.

प्रश्न आता थोड्याच लोकांचा राहिलेला नाही. जहाजावर जाणाऱ्यांना अशी चाचणी जुनीच ओळखीची आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक संचालनालयाचे यासंबंधीचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार वैमानिक, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची अचानक चाचणी होऊ शकते. गांजा वर्गातले पदार्थ, कोकेन, अफू वर्गातले पदार्थ, अ‍ॅम्फेटामाइन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन असे सहा गट तिथं पाहिले जातात. यातले शेवटचे दोन गट वाचताना थांबायला हवं. बेंझोडायझेपिन म्हणजे झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, बार्बिट्युरेट गटातलं फिनोबार्बिटोन हे फिट्सवरचं जुनं औषध. दोन्ही आपल्या हजारो घरांतल्या औषधांच्या डब्यात आहेत. कारखाने, कॅबसेवा आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्याही आता चाचण्या करून घेतात. पण सर्वसाधारण खासगी नोकऱ्यांतल्या अशा चाचणीसाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तिथं कंपनीचं धोरण आणि नेमणुकीच्या वेळी सही केलेला कागद हाच काय तो आधार.

ही चाचणी मुळात आली ती मात्र रास्त भीतीतून. ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या चेस या ठिकाणी मालगाडीची इंजिनं थांब्याचा सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली. टक्कर झाली आणि १६ माणसं गेली. इंजिनचालक आणि त्याचा सहकारी ड्युटीवर गांजा ओढत होते, हे पुढं उघड झालं. त्यानंतर १९९१ मध्ये तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच मर्यादा अमेरिकी सरकारी नियमांवरूनच उचललेल्या आहेत. मागं बसलेल्या प्रवाशांचा जीव चालकाच्या हातात असतो, हे कुणी नाकारत नाही. मुद्दा एवढाच की चाचणी जे सांगते तेवढंच तिच्याकडून ऐकावं.

आता पहिल्या प्रश्नाकडं. पोटात गेलेलं औषध यकृत मोडतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जो वेळ लागतो, त्याला त्या औषधाचं अर्धायुष्य म्हणतात. तापावर घेतलेल्या पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं, फिनोबार्बिटोनचं साधारण चार दिवसांचं. साधारण पाच अर्धायुष्यं उलटली की औषध जवळजवळ संपतं, असा ढोबळ हिशेब. म्हणजे पॅरासिटामॉल दुसऱ्या दिवसापर्यंत निघून जातं आणि फिनोबार्बिटोन तीन आठवडे रेंगाळतं. शिवाय लघवीत बहुतेक वेळा मूळ पदार्थ शोधला जात नाही, यकृतानं त्याचं जे रूपांतर केलेलं असतं ते शोधलं जातं. रूपांतरित पदार्थ मूळ पदार्थापेक्षा जास्त काळ टिकतो. म्हणून नशा उतरून दोन दिवस झाले तरी चाचणीला तिची खूण सापडते.

गांजाचं गणित याहून वेगळं आहे. गांजा, चरस, भांग यांतला नशा आणणारा घटक एकच, टीएचसी. तो पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. तुपाचा हात नुसत्या पाण्यानं धुतला जात नाही, तसंच काहीसं. रक्तातून तो लवकर नाहीसा होतो, पण नाहीसा होतो म्हणजे शरीरातल्या चरबीत जाऊन बसतो. तिथून तो दिवसेंदिवस थोडा थोडा रक्तात परततो, यकृत त्याचं रूपांतर करतं आणि ते लघवीत उतरतं. एकदाच घेणाऱ्याच्या चरबीत साठा असा होतच नाही. त्याच्या लघवीत खूण साधारण एक ते तीन दिवस दिसते. आठवड्यातून काही वेळा घेणाऱ्याच्या बाबतीत ती आठवडाभर राहू शकते. रोज घेणाऱ्याची पंधरा दिवस, आणि वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याची महिनाभर किंवा त्याहूनही अधिक. आपल्या दुसऱ्या खलाशाचा अहवाल त्या थंडाईमुळं बिघडलेला नसतो. तो दोन वर्षांच्या साठ्यामुळं बिघडतो.

यात एक चकवा आहे. साठा संपत आलेल्या माणसाची लघवी सोमवारी निगेटिव्ह, बुधवारी पॉझिटिव्ह आणि शुक्रवारी पुन्हा निगेटिव्ह येऊ शकते. मध्ये त्यानं काहीही घेतलेलं नसतं. बुधवारी पाणी कमी प्यायल्यानं लघवी दाट झालेली असते, एवढंच. व्यसनमुक्ती केंद्रात अशा अहवालावरून 'तू पुन्हा सुरू केलंस' असा आरोप होतो आणि सहा आठवडे नेटानं दूर राहिलेला मुलगा चिडून उठून जातो. जाणकार डॉक्टर अशा वेळी लघवीतलं क्रिएटिनिन मोजून ती किती दाट आहे हे पाहतात आणि मगच दोन अहवालांची तुलना करतात.

भांगेबद्दल आणखी एक गैरसमज. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या करताना, शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया वगळल्या आहेत. म्हणून भांग त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, राज्यांच्या अबकारी नियमांत येते. पण चाचणीला कायद्याची कलमं वाचता येत नाहीत. पानातून आलेलं टीएचसी आणि शेंड्यातून आलेलं टीएचसी तिला सारखंच.

बाकीच्या पदार्थांचा हिशेब तुलनेनं सरळ आहे. कोकेनची लघवीतली खूण दोन ते चार दिवस राहते, अ‍ॅम्फेटामाइनची साधारण तेवढीच. मॉर्फिन आणि कोडीन दोन-तीन दिवस. झोपेच्या गोळ्यांत मात्र मोठा फरक आहे. झटपट उतरणारी गोळी दोन-तीन दिवसांत निघून जाते, पण दीर्घकाळ रोज घेतलेल्या डायझेपामची खूण महिनाभर सापडू शकते. हे सगळे आकडे लघवीचे. रक्तात बहुतेक पदार्थ काही तास ते एक-दोन दिवस दिसतात, लाळेत साधारण तसंच. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून मुळापासूनचे तीन सेंटीमीटर केस म्हणजे मागच्या तीन महिन्यांची नोंदवही. मात्र गेल्या आठवड्यात काय घेतलं ते त्यात नसतं, कारण तेवढा केस अजून त्वचेबाहेर आलेला नसतो. काळ्याभोर केसांतलं रंगद्रव्य काही पदार्थ अधिक धरून ठेवतं, ही या चाचणीवरची जुनी तक्रार आहे. तीच मात्रा घेतलेल्या सोनेरी केसांच्या माणसापेक्षा काळ्या केसांच्या माणसाचा आकडा मोठा येऊ शकतो.

आता त्या मर्यादेबद्दल. 'पॉझिटिव्ह' म्हणजे पदार्थ सापडला आणि 'निगेटिव्ह' म्हणजे अंशही नाही, असा समज सर्वत्र आहे. तसं नसतं. लघवीतलं प्रमाण ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर पॉझिटिव्ह, खाली राहिलं तर निगेटिव्ह. गांजासाठी पहिल्या चाळणीत हा आकडा सहसा मिलीलीटरला ५० नॅनोग्रॅम असतो. शेजारी बसलेल्याच्या धुरानं लघवी एवढी चढत नाही, याचसाठी तो इतका ठेवला आहे. आकडा निसर्गानं दिलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे. आणि तो कसा बदलतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या फराळाच्या ताटात आहे.

दिवाळीतल्या अनारशावरची खसखस, करंजीच्या सारणातली खसखस, कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात वाटून घातलेली खसखस. ही अफूच्याच झाडाची बी. बीमध्ये स्वतःचं मॉर्फिन जवळजवळ नसतं. बोंडाला चिरा देताना आणि बी काढताना जो चीक तिला लागतो, त्यातून ते येतं. किती चीक लागला आणि बी किती धुतली गेली यावर प्रमाण ठरतं, त्यामुळं एका दुकानातली खसखस आणि दुसऱ्या दुकानातली खसखस यांत कितीतरी पटींचा फरक असू शकतो. अमेरिकेत पूर्वी अफू गटाची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस लावलेले पाव खाऊन कामावर आलेले लोक तीत सापडू लागले. १९९८ मध्ये ती मर्यादा २००० वर नेली गेली. एका रात्रीत तीच लघवी पॉझिटिव्हची निगेटिव्ह झाली! तरीही २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्या सैनिकांना खसखस टाळायचा सल्ला दिला, कारण काही बियांत प्रमाण बरंच जास्त आढळू लागलं. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांतल्या पट्ट्या आजही ३०० च्या मर्यादेवर चालतात. दिवाळीनंतर लगेच चाचणीला जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस सामानात नेणं हाच गुन्हा आहे, त्यामुळं दुबईच्या लेकाला पाठवायच्या डब्यात अनारसे भरताना आईनं हात आखडता घ्यावा.

पट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नोकऱ्या तिथंच जातात. पहिली चाळणी बहुतेक ठिकाणी काडीसारख्या पट्टीवर होते, गर्भधारणेच्या चाचणीसारखीच. पण वाचायची पद्धत नेमकी उलटी. गर्भधारणेच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे होकार. अमली पदार्थांच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे नकार, आणि चाचणीच्या जागची रेघ उमटलीच नाही तर होकार. रेघ फिकट असली तरी ती रेघच, म्हणजे निगेटिव्ह. 'रेघ फिकट आली, म्हणजे थोडंसं घेतलेलं दिसतंय' हा शेरा शास्त्राला धरून नाही.

शिवाय ही पट्टी रेणू ओळखत नाही, रेणूचा चेहरामोहरा ओळखते. मिळताजुळता चेहरा असलेलं दुसरं औषधही तिला फसवतं. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यांनी काही किटवर अफू गटाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह आल्याची नोंद आहे. आम्लपित्तावरचं रॅनिटिडिन, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, अ‍ॅलर्जीवरचं प्रोमेथाझिन यांच्यामुळं अ‍ॅम्फेटामाइनची. क्षयाचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्या देशात रिफाम्पिसिन घेणारा कामगार आणि अफू खाणारा कामगार यांत घोटाळा होणं किती सोपं आहे, याची कल्पना करावी. उलट बाजूही आहे. नेहमीच्या अफूच्या पट्टीवर ट्रॅमाडॉल दिसत नाही, आणि क्लोनाझेपाम बेंझोडायझेपिनच्या पट्टीवरून अनेकदा निसटतं. म्हणजे निरपराध अडकतो आणि रोज ट्रॅमाडॉलच्या गोळ्या खाऊन ट्रक चालवणारा सुटतो.

म्हणूनच पट्टीचा होकार हा निकाल मानायचा नसतो. त्याच नमुन्याची गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीनं दुसरी तपासणी व्हायला हवी. ती रेणूचं वजन आणि त्याचे तुकडे मोजते, त्यामुळं रिफाम्पिसिन आणि मॉर्फिन यांत गोंधळत नाही. हेरॉइन घेतल्यावरच तयार होणारा एक विशिष्ट अंशही ती शोधू शकते, पण तो जेमतेम काही तास, फार तर दिवसभर लघवीत असतो. मात्र खसखशीतलं मॉर्फिन हेही मॉर्फिनच. तिथं यंत्र बरोबर असतं. कारण शोधायला माणूस लागतो. अमेरिकेत त्यासाठी अहवाल मालकाकडं जाण्याआधी एक प्रशिक्षित डॉक्टर कर्मचाऱ्याशी बोलतो, औषधांच्या चिठ्ठ्या पाहतो. आपल्याकडं अनेक खासगी ठिकाणी ही पायरीच नाही. दहा मिनिटांत पट्टी वाचली जाते, संध्याकाळपर्यंत गेट पास जमा होतो.

चिठ्ठीवरून आठवलं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेल्याच्या लघवीत कोडीन तर दिसतंच, मॉर्फिनही दिसतं, कारण यकृत कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतं. आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त घेतलेल्या औषधांतही हे असू शकतं. कामिनी विद्रावण रसात अफू असते, जातिफलादी चूर्णात भांग. वैद्यांना हे माहीत असतं, घेणाऱ्याला अनेकदा नसतं. परदेशात नोकरीला गेलेल्या काही भारतीयांना कामिनीच्या गोळ्यांची सवय लागून मग व्यसनमुक्तीचे उपचार घ्यावे लागल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहेत.

सर्वांत मोठा धोका मात्र चाचणीच्या भीतीनं औषध बंद करण्यात आहे. क्रेनचालकाला वर्षभर रात्री क्लोनाझेपाम चालू आहे, सोमवारी चाचणी आहे असं कळतं आणि तो गुरुवारी गोळी सोडून देतो. अशा गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्या तर झोप उडते, हात थरथरतात, आणि काहींना फिट येते. फिट्सवरचं फिनोबार्बिटोन अचानक थांबवलं तर फिट्सची मालिकाच सुरू होऊ शकते, जी जिवावर बेतते. आणि तीन दिवसांत ते औषध लघवीतून जातही नाही. म्हणजे नोकरी वाचत नाही आणि माणूस रुग्णालयात पोहोचतो. ज्याच्या आजाराला हे औषध हवं आहे, त्यानं ते चिठ्ठीसह लेखी जाहीर करावं. ते घेऊन उंचावरची क्रेन चालवावी की नाही, हा प्रश्न उरतोच. पण तो डॉक्टरसमोर बसून सोडवायचा, गोळ्या लपवून नव्हे.

भरमसाट पाणी, लिंबू, व्हिनेगर, इंटरनेटवर मिळणारी महागडी 'शुद्धीकरण' पेयं यांबद्दल एवढंच. चरबीतला साठा यानं बाहेर येत नाही. पाण्यानं लघवी पातळ होते, आणि पातळ लघवी प्रयोगशाळेला कळते. क्रिएटिनिन डेसिलीटरला २० मिलीग्रॅमच्या खाली गेलं की शंका घेतली जाते. दुसऱ्याची लघवी आणणाऱ्यांसाठी नमुन्याचं तापमान चार मिनिटांच्या आत मोजतात. आणि फार कमी वेळात फार जास्त पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम घसरून माणसं बेशुद्ध पडलेली आहेत.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हा माणूस कामावर असताना नशेत होता का? लघवीची चाचणी याचं उत्तर देत नाही, देऊ शकत नाही. दारूच्या बाबतीत श्वासाची चाचणी ते बऱ्यापैकी देते, कारण श्वासातला अल्कोहोल आत्ताच्या रक्ताशी थेट जोडलेला आहे. म्हणून मोटार वाहन कायद्यात १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम अशी मर्यादा घालता आली. पण तिथंही नमुना घ्यायला उशीर झाला की काय होतं, हे मार्च १९८९ मध्ये दिसलं. एक्झॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर चढलं आणि कोट्यवधी लीटर तेल समुद्रात सांडलं. कॅप्टनचं रक्त तपासायला सुमारे दहा तास उलटले. त्यात १०० मिलीलीटरला ६१ मिलीग्रॅम अल्कोहोल आढळला. दारू तासाला साधारण १५ मिलीग्रॅमच्या वेगानं उतरते असं धरून मागं मोजत गेलं तर अपघाताच्या वेळचा आकडा २०० च्या वर जातो. पण हा वेग माणसागणिक बदलतो, आणि मधल्या दहा तासांत आणखी काहीच पोटात गेलं नाही असंही त्यात गृहीत धरावं लागतं. १९९० मध्ये ज्युरीनं कॅप्टनला निष्काळजीपणे तेल सांडल्याबद्दल दोषी ठरवलं, मद्यधुंद अवस्थेत जहाज चालवल्याच्या आरोपातून मात्र मुक्त केलं.

तिथं निदान रक्त होतं आणि तासांचा हिशेब होता. पट्टीवरच्या गायब रेघेवरून तर काल रात्री घेतलं की तीन आठवड्यांपूर्वी, हेसुद्धा कळत नाही. म्हणून नमुना देणाऱ्यानं बाटलीवर झाकण लागण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. गेल्या महिनाभरात घेतलेली सगळी औषधं, सर्दीच्या गोळीपासून काढ्या-चूर्णापर्यंत, अर्जावर लिहून त्याची प्रत स्वतःकडं ठेवावी. नमुना दोन बाटल्यांत विभागून दोन्ही आपल्यासमोर सीलबंद होतात का ते पाहावं. आणि पट्टीवर होकार आला, तर राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी दुसऱ्या, मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या तपासणीची मागणी त्याच दिवशी लेखी द्यावी. ती दुसरी बाटली त्याचसाठी राखून ठेवलेली असते.